खो देणारा हात

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीसारख्या गावात क्रीडाशिक्षकाची नोकरी पत्करलेल्या माणसाला ऋतूंशी आणि जंगलाशी जुळवून घेऊनच आपले वेळापत्रक आखावे लागते. बोर नदीच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाळ्यात पायाला अशी चिकटते की धावणे सोडाच, धड उभे राहणेही मुश्किल व्हावे, आणि शालेय स्पर्धांचे परिपत्रक येते ते नेमके त्याच दिवसांत. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी लागली की अर्धा संघ शेतात गुंततो. आणि 2014 मध्ये व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झालेले बोरचे जंगल गावाला इतके निकट की, लांबच्या वस्तीवरून येणारी मुले दिवस मावळण्यापूर्वी घरी पोहोचतील अशी तजवीज करणे हा सरावाच्या शिस्तीचाच भाग मानावा लागतो. या अडचणींना तोंड कसे द्यावे हे हळूहळू अंगवळणी पडते. परंतु एक अडचण अशी आहे की जिच्याविषयी आमच्या प्रशिक्षणात एक अक्षरही नव्हते, शिक्षकांच्या सभांमध्ये जिचा उच्चार होत नाही, आणि तरीही जी दर दोन-चार वर्षांनी एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या रूपाने मैदानाच्या कडेला येऊन उभी राहते. आपल्या चालण्या-बोलण्यात, आपल्या ओढीत किंवा स्वतःविषयीच्या जाणिवेत जे मूल गावाने ठरवून दिलेल्या मुलगा-मुलगीच्या चौकटीत बसत नाही, त्या मुलाला सांघिक खेळात जागा कशी मिळावी, हा तो प्रश्न आहे.

माझे अध्ययन अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झाले. 1914 मध्ये वैद्य बंधूंनी उभारलेल्या या संस्थेविषयी विदर्भातल्या क्रीडाशिक्षकाच्या मनात जो आदर असतो तो माझ्याही मनात आहे, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली, ही हकीकत आम्हांला विद्यार्थिदशेत मोठ्या अभिमानाने सांगितली जात असे. त्याच जर्मनीत, त्याच्या एकच वर्ष आधी, पुरुषांमधील संबंधांना गुन्हा ठरवणारे जुने कलम नाझी राजवटीने अधिक कठोर केले होते आणि त्या कलमाखाली हजारो माणसांना तुरुंगात, काहींना पुढे छळछावण्यांत धाडण्यात आले, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. एका बाजूने क्रीडांगणावर देहाच्या सामर्थ्याचा गौरव चालावा आणि दुसऱ्या बाजूने त्याच राज्यात काही देहांना जगण्याचीही मुभा नसावी, हा विचार त्यानंतर माझ्या मनातून गेला नाही. बलोपासनेची आपली परंपरा थोर आहे. पण तिच्या आखाड्यात मर्दपणाची जी महती गायिली जाते, तिच्या ओघात कोणते कोवळे पोर भुईसपाट होते आहे, इकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी आखाडा चालवणाऱ्यावरच येऊन पडते.

असेच एक पोर सातवीत असताना खो-खोच्या निवडीला आले. त्याचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण ते लिहिण्याचा अधिकार त्याच्याखेरीज कोणालाही नाही. अंगाने सडपातळ, आवाज मऊ, चालण्यात एक नाजूक डौल. वर्गात मुलींच्या बाकाशेजारी बसणारे आणि मधल्या सुट्टीत त्यांच्यातच रमणारे. पळतीला मात्र ते उभे राहिले की पाहणाऱ्याची नजर खिळून राहावी. बसलेल्या गड्यांमधून साखळी खेळताना ते कमरेतून असे लवत असे की पाठलाग करणाऱ्याचा हात त्याच्या सदऱ्यापाशी येऊन रिकामा परत जाई. खांबाजवळ ते हुलकावणी देई, तेव्हा मागचा गडी सूर मारून मातीत आणि हे पलीकडच्या पाटीत, असे नित्याचे दृश्य होते. निवडीत त्याला वगळणे शक्यच नव्हते. संघाने त्याला पळतीपुरते स्वीकारलेही, कारण पळतीत खेळाडू एकटा असतो आणि त्याच्या पायांचा लाभ साऱ्यांना होतो.

खरी परीक्षा पाठलागाच्या डावात झाली. ज्यांनी खो-खो जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की, मध्यपाटीवरच्या चौकांत आठ गडी आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, आणि पाठलाग करणाऱ्याने मागून येऊन बसलेल्याच्या पाठीला हाताने स्पर्श करत त्याच वेळी मोठ्याने ‘खो’ म्हटले तरच तो खो नियमाप्रमाणे धरला जातो. नुसते ओरडून दिलेला खो ही चूक ठरते आणि पंचाची शिटी वाजते. माझ्या ध्यानात आले ते असे की, या मुलाच्या पाठीशी आले की संघातले दोघेतिघे गडी हात आखडता घेत. एकजण ओरडून मोकळा होई, दुसरा गुडघ्याने ढोसून पुढे जाई, आणि बसलेले मूल, खो मिळाला की नाही या संभ्रमात, अर्धे उठून पुन्हा बसे. दुरून पाहणाऱ्याला हा निव्वळ कच्चा सराव वाटला असता. पाण्याच्या टाकीजवळ मी उभा होतो तेव्हा त्या गड्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, ‘मी नाई लावत बा त्याले हात, बायल्या हाये तो,’ आणि मग कच्चेपणाचे कारण उमगले.

उपदेशाचे व्याख्यान मी दिले नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांपुढे एखाद्या सोबत्याला उभे करून त्याच्याविषयी करुणा बाळगा असे सांगणे म्हणजे त्या सोबत्यालाच चारचौघांत उघडे पाडणे होय. मी सरावात चुकीच्या खोची मोजणी सुरू केली, फळ्यावर नाव न लिहिता फक्त डावाप्रमाणे आकडा मांडू लागलो, आणि प्रत्येक चुकीला डाव थांबवून तोच खो पुन्हा द्यायला लावू लागलो. शिवीबद्दल मात्र वेगळा शिरस्ता ठेवला. तो शब्द, किंवा ‘छक्का’ हा त्याचा भाऊबंद, मैदानात ज्याच्या तोंडून निघेल त्याने त्या दिवशी खेळायचे नाही, मग तो कर्णधार असो की सरपंचाचा पुतण्या; आणि हा नियम कोणा एका मुलाच्या रक्षणार्थ नसून जातीवरून, रंगावरून, बापाच्या व्यसनावरून दिलेल्या प्रत्येक हिणवणीला सारखाच लागू आहे, हे पहिल्याच दिवशी साऱ्यांना सांगून टाकले. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींची मनाई 2010 पासून केलेली आहेच. मैदान शाळेच्या हद्दीत येते, एवढेच मी त्याला जोडले.

पुढे जे घडले त्याचे श्रेय मला घेता येणार नाही. आमचा कर्णधार मोठा जिद्दीचा, तालुक्याला जिंकण्याचा ध्यास घेतलेला मुलगा होता, आणि फळ्यावरचा आकडा रोज त्याच्या डोळ्यांत खुपत असे. एके सायंकाळी त्या आखडत्या हाताच्या गड्यावर तो उखडलाच: ‘हात लावल्यानं काय हात झिजते का बे तुहा? डाव घालवतो का?’ त्या ओरडण्यात माणुसकीचा काही विचार होता असे मी म्हणणार नाही. त्याला डाव हवा होता. पण त्या दिवसानंतर हात पाठीवर नीट पडू लागले, आणि एकदा पडू लागलेला हात पाठीपाशी थांबत नाही, तो खांद्यावर येतो, डबा पुढे करतो, एस.टी.त शेजारची जागा धरून ठेवतो. स्वीकार ही मनोवृत्ती आधी येते आणि वर्तन तिच्या मागोमाग येते असे आपण गृहीत धरतो. मैदानावर मी हा क्रम बहुधा उलट चाललेला पाहिला आहे.

मला नवल वाटते ते गावाचे. आमच्या भागात खडी गंमत हा लोकनाट्याचा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि त्यात लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून नाचणारा पुरुष हाच रंगतीचा प्राण असतो. ज्या पाटलाच्या वाड्यापुढे रात्रभर त्या नाच्याला बक्षिसी दिली जाते, त्याच वाड्यातली माणसे सकाळी एखाद्या मुलाचा नाजूक हातवारा पाहून तोंड फिरवतात. ‘नटरंग’ हा चित्रपट 2010 मध्ये गावोगाव पाहिला गेला, पहिलवानी देहाचा माणूस नाच्याची भूमिका पत्करतो आणि त्याची जी विटंबना होते ती पाहून प्रेक्षक हळहळले. पण आपल्याच गल्लीतल्या मुलाची विटंबना त्यांना तशी ओळखू आली नाही. रंगभूमीला जी सवलत समाजाने बहाल केली ती क्रीडांगणाला केली नाही, याचे कारण मला असे वाटते की रंगभूमीवरचे सोंग उतरवता येते याची प्रेक्षकाला खातरी असते, आणि मैदानावरचे मूल सोंग घेतलेले नसते.

त्या मुलाचे वडील मला भेटायला आले तेही, हे सोंग आहे आणि ते उतरवता येईल, याच गैरसमजुतीतून. मोठे कष्टाळू, अबोल गृहस्थ. सोयाबीनची मळणी टाकून आले होते. ‘सर, याले खूप खेळवा जी,’ ते म्हणाले, ‘म्हंजे हा थोडा मर्दावानी होईन. लोकं लय बोलतात.’ खेळाने मूल ‘सुधारेल’ ही आशा घेऊन येणारे ते एकटे पालक नव्हेत. काहीजण मांत्रिकाकडे जातात, काहीजण नागपूरच्या दवाखान्यांत चकरा मारतात, आणि काहीजण क्रीडाशिक्षकाकडे येतात. मी त्यांना सांगितले की, खेळाने त्याचा दम वाढेल, पायांत ताकद येईल, चार गावांत नाव होईल. पण त्याचा स्वभाव बदलण्याचे औषध माझ्याकडे नाही, आणि डॉक्टरांकडेही नाही, कारण हा आजारच नव्हे. मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये अशा ‘उपचारां’वर ताशेरे ओढल्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये ते करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, ही माहिती तेव्हा उपलब्ध असती तर माझ्या शब्दाला अधिक वजन आले असते. ते बराच वेळ टोपी हातात घेऊन बसले. मग विचारले, ‘म्हंजे याच्यात माह्या पोराचा कसूर नाई?’ नाही, मी म्हणालो, त्याचा नाही आणि तुमचाही नाही.

या साऱ्या काळात त्या मुलाने मला स्वतःविषयी काही सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. येथे मला माझे मत स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते. अलीकडे चांगल्या हेतूने काम करणारी तरुण शिक्षक मंडळी भेटतात, आणि मुलाने मोकळेपणाने ‘सांगून टाकावे’ अशी त्यांची इच्छा असते. 2022 च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल संघाच्या जेक डॅनियल्स या अवघ्या 17 वर्षांच्या फुटबॉलपटूने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले तेव्हा त्याच्या धैर्याचे कौतुक जगभर झाले, आणि ते यथार्थच होते. 1990 मध्ये जस्टिन फॅशानूने तसे सांगितल्यानंतर ब्रिटनमधल्या एकाही खेळत्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूला ते धाडस झाले नव्हते. पण डॅनियल्सच्या मागे त्याचा संघ उभा होता. हिंगणीच्या मुलामागे एक चुलता, एक ग्रामसभा आणि लग्नाच्या बैठकीत बोलणारी भावकी उभी असते. सुरक्षित राहण्यासाठी मुलाला कोणतीही कबुली द्यावी लागू नये, आणि कबुली न देताही संघातली त्याची जागा अबाधित राहावी, हे शिक्षकाने पाहावयाचे असते. ज्या दिवशी त्याला स्वतःहून बोलावेसे वाटेल त्या दिवशी ऐकायला माणूस हवा. आणि ऐकलेले दुसऱ्याच्या कानावर, अगदी मुख्याध्यापकांच्या किंवा आईबापांच्याही कानावर, त्याच्या संमतीशिवाय जाऊ नये, जोवर त्याच्या जिवाला धोका नाही.

बाहेरगावच्या स्पर्धांचा मुक्काम हा तर स्वतंत्र विषय आहे. जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या सामन्यांना संघ जातात तेव्हा कोणत्या तरी शाळेचे वर्ग रिकामे करून सतरंज्या अंथरल्या जातात, सकाळी एकाच नळावर साऱ्यांची आंघोळ होते, आणि जे मूल आधीच भेदरलेले असते त्याच्या दृष्टीने ही रात्र आणि ही सकाळ सामन्यापेक्षा कठीण असते. कित्येक चांगली मुले तालुक्याला जिंकून जिल्ह्याला येत नाहीत, पोट दुखते म्हणतात, आणि त्याचे कारण पोटात नसते. आमच्या संघापुरता मी असा नियम केला की, आडोसा बांधल्याशिवाय आंघोळ सुरू होणार नाही, ज्याला एकट्याने आंघोळ करायची त्याला कारण न विचारता पाळी मिळेल, आणि झोपण्याच्या खोलीत रात्रभर एक शिक्षक राहील. ही सोय साऱ्यांसाठी ठेवल्यामुळे ती कोणा एकाकडे बोट दाखवीत नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा 2012 चा कायदा हाती असताना ही दक्षता घेणे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. या मुलांना तिची गरज इतरांहून थोडी अधिक असते.

मुलींची कहाणी निराळी चालते. केस बारीक कापलेली, भावाची पँट घालून सायकल हाणणारी, कबड्डीत कोपरा सांभाळणारी मुलगी गावाला आधी आवडते. ‘पोरगी नाई, पोरगा हाये आमचा’ असे बाप कौतुकाने सांगतो. हे कौतुक नववीच्या आसपास एकाएकी संपते. मग चढाईच्या वेळी मोडणारी लाज, आखूड चड्डीची इभ्रत, आणि एखाद्या मैत्रिणीबरोबरचा अतिस्नेह हे सारे विषय एकदम घरात निघतात आणि मुलगी सरावाला येईनाशी होते. ओडिशातल्या चाका गोपालपूरची धावपटू द्युती चंद 2018 च्या आशियाई स्पर्धेत दोन रौप्यपदके मिळवून आली, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात गावातल्या एका मुलीवर आपले प्रेम असल्याचे तिने सांगितले तेव्हा पहिला विरोध तिच्या घरातूनच झाला, ही बातमी मी आमच्या मुलींच्या संघाला मुद्दाम वाचून दाखवली होती. कोणी काही बोलले नाही. बातमीचा तो कागद नंतर फलकावरून काढला गेला तो कोणी काढला हे मी शोधले नाही. तो वहीत जपून ठेवण्यासाठी काढला असावा अशी माझी समजूत आहे.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 377 व्या कलमाविषयीचा फैसला दिला. 1860 मध्ये इंग्रजांनी घातलेले ते कलम दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये सैल केले होते, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा पूर्ववत केले, आणि अखेर प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना त्यातून मुक्त केले. शिक्षकांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र फिरले आणि एका सहकाऱ्याने विचारले की, याचा शाळेशी काय संबंध? मला तो संबंध अगदी सरळ दिसत होता. ज्या शब्दावरून मी मुलांना मैदानाबाहेर बसवत आलो, तो शब्द उच्चारणाऱ्याच्या पाठीशी आजवर कायदा उभा होता. आता तो तेथून हलला.

सध्या माझ्यापुढे असलेला पेच याहून अवघड आहे, आणि तो नोंदणीच्या कागदाचा आहे. शालेय स्पर्धांच्या प्रवेशपत्रिकेत मुलगे आणि मुली असे दोनच रकाने असतात आणि जन्मदाखल्याप्रमाणे ते भरावे लागतात. जन्मदाखल्यात मुलगी म्हणून नोंद असलेले, पण स्वतःला मुलगा समजणारे एक मूल यंदा आमच्या खो-खोच्या संघात आहे. जगाच्या पातळीवर या बाबतीत फार मोठे वाद चालू आहेत. दोहाच्या 2006 च्या आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचे रौप्यपदक मिळवणाऱ्या तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचे पदक लिंगचाचणीनंतर काढून घेतले गेले आणि तिच्यावर वीटभट्टीवर मजुरी करण्याची पाळी आली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने 2023 च्या नोव्हेंबरात, पुरुषी यौवनावस्थेतून गेलेल्या पारलिंगी स्त्रियांना आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट बंद केले. बीडमध्ये जन्मलेले माजी कसोटीपटू संजय बांगर यांची कन्या अनया हिने आपल्या स्थित्यंतराची हकीकत 2024 मध्ये जाहीर केली तेव्हा, ज्या खेळात आपण वाढलो त्यातच आता आपल्याला जागा उरली नाही, हे दुःख तिने उघडपणे बोलून दाखवले. एका मराठी घरातले हे मूल वयोगटाच्या क्रिकेटमध्ये स्वतःला लपवत खेळत राहिले, ही गोष्ट माझ्या मनाला पदकांच्या वादापेक्षा अधिक लागली.

अत्युच्च स्पर्धेत समतोल कसा राखावा यावर शास्त्रज्ञांनी आणि संघटनांनी विचार करावा. तो प्रश्न खोटा नाही. पण तेथला वाद चौदा वर्षांखालच्या तालुका स्पर्धेत आणून एखाद्या लेकराला मैदानाबाहेर ठेवणे मला अन्यायाचे वाटते, कारण या वयात एकाच वर्गातल्या दोन मुलग्यांमध्ये वीतभर उंचीचा फरक असतो आणि त्याबद्दल कोणी हरकत घेत नाही. 2019 च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्याच्या 13 व्या कलमाने शासनमान्य शाळांवर खेळाची संधी भेदभावाविना देण्याचे बंधन घातलेले आहे. ते कलम उद्धृत करून मी रीतसर अर्ज केला आहे. उत्तर यायचे आहे. दरम्यान मुख्याध्यापकांच्या संमतीने खेळाच्या साहित्याच्या खोलीचा एक भाग रिकामा करून तेथे कडी बसवून घेतली, आणि कपडे बदलायला ती खोली ज्याला हवी त्याला खुली ठेवली आहे.

सराव मुलगे आणि मुली एकत्रच करतात, कारण जागा एकच आहे. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या आपल्या महाराष्ट्राच्याच कर्णधारांच्या हाताखाली भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, तेव्हापासून गावातली आणखी मुले येऊ लागली आहेत आणि चौकात बसण्यासाठी पाळ्या लावाव्या लागतात. यंदाच्या त्या मुलाने सामन्याला कोणत्या संघातून उतरायचे याविषयी मी, ते मूल आणि त्याची आई असे तिघे बोललो. यंदा दाखल्याप्रमाणे मुलींच्या संघातून खेळायचे, असा निर्णय त्यानेच घेतला, कारण न खेळण्यापेक्षा ते बरे, असे ते म्हणाले. संघातल्या मुलींनी त्याला त्याच्या आवडीच्या नावाने हाक मारण्याचे आपसांत ठरवले आहे आणि पंचांपुढे कागदावरचे नाव. पुढच्या वर्षाचे त्याने काही ठरवलेले नाही. अर्जाचे उत्तर आले नाही तर दिवाळीनंतर मी वर्ध्याला जाऊन प्रत्यक्ष विचारणार आहे, आणि त्याची आई सोबत येते म्हणाली आहे.